दुसरी पाळी

पोस्टर रंगवताना दत्तू पेंटरनं विचारलं,
सोल म्हणजे चपलेचा काय?
आणि ॲसिड ते बॅटरीतलं?
आम्ही होय म्हणालो.
समजावून सांगण्याइतकं आम्हालाही ठाऊक नव्हतं,
आणि काम उधारीवर होतं.

मौला शिकलगार, ट्रम्पेट. दिवसा लग्नाच्या बँडात,
सोनेरी झालरीचा कोट, घोड्यापुढं पाच पावलं.
धनपाल चौगुले, ड्रम. उद्यमनगरात मोल्डर,
बोटांना कायम काळ्या वाळूचा वास.
गिटारवर गजा पोवार, त्याच्याबद्दल जास्त बोलत नाही,
माझे सातशे रुपये अजून आहेत त्याच्याकडं.
बेस मी.
आणि रूथ लोंढे, मिशन दवाखान्यातली नर्स,
रविवारी चर्चमध्ये सरळ गाणारी
आणि आमच्यात, रात्री बारानंतर, तिरकं.

तालमीला धनपालच्या मालकाचं गोदाम.
दुसरी पाळी साडेअकराला सुटायची,
म्हणून नाव तेच.
भिंतीपलीकडं फोर्जिंगचा हातोडा रात्रभर चालायचा
धप्प, धप्प, आणि तिसरा जरा उशिरा,
पट्टा सैल होता म्हणून.
त्या उशिरात धनपाल जाऊन बसायचा,
त्याच्या मागं मी.
आमची सगळी कला एका सैल पट्ट्यावर उभी होती,
पुण्यातल्या मुलाखतीत हे सांगितलं नाही.

पुणे झालं. बेळगाव झालं.
गोव्यात एका हॉटेलात अकरा रात्री
जेवणाऱ्यांच्या पाठी बघत.
गावात मात्र एकदाच, अर्ध्या भरलेल्या नाट्यगृहात.
दुसऱ्याच गाण्याला मागनं हाळी आली,
ओ बाई, लावणी घ्या की!
रूथ हसली. घेतली. आणि अशी वाकवली
की ओरडणाराच गप झाला.
पहिल्या रांगेत फुटक्या कानाचा एक पैलवान
मांडीवर ताल धरून बसलेला,
दर वेळी चुकीच्या जागी,
आणि दर वेळी तीच जागा बरोबर वाटत होती.

कॅसेट काढली. पाचशे प्रती.
एकशे बारा खपल्या,
वीस मौलानं लग्नांत आहेर म्हणून दिल्या.
दुसऱ्या बाजूच्या संथ गाण्यात मागं हातोडा ऐकू येतो.
रेकॉर्डिंगवाला म्हणाला, काढून टाकू.
रूथ म्हणाली, राहू दे, तो सहावा आहे.

बँड फुटला असं लोक म्हणतात.
फुटत नाही हो.
हवा जाते, सायकलीची जाते तशी,
तुम्ही आत जेवत असताना.

रूथ मस्कतला गेली, पगार चौपट.
मिरवणुकीत भिंतीएवढे स्पीकर आले,
मौलाच्या कोटाची झालर पोरांनी पतंगाला लावली.
धनपालच्या पावलावर रस सांडला, लोखंडाचा.
तो हसत सांगतो, उजवा पाय, बघ, ड्रमचाच.
मी कारखान्याच्या वजनकाट्यावर बसतो.
उसाचे ट्रॅक्टर येतात, कर्ण्यातनं काहीबाही वाजत,
मी भरलेल्यातनं रिकामं वजा करतो.

एकोणीसच्या पुरात शाहूपुरीत माळ्यापर्यंत पाणी.
उरलेल्या कॅसेटी गजाच्या घरी होत्या.
मूळ टेपही.
पाणी उतरल्यावर खोक्यात हात घातला
तर ओल्या शेवयांसारखं काहीतरी वर आलं.
गजा रडला. तेव्हाही सातशेचा विषय काढला नाही मी.

हातोडा तर आधीच भंगारात गेलेला.

परवा रात्री रूथचा फोन.
ना कसा आहेस, ना काही.
ते संथ गाणं, म्हणाली,
मी नक्की कुठनं उचलायची रे?
बायको झोपलेली. मी स्वयंपाकघरात गेलो,
ओट्यावर मूठ आपटली,
धप्प,
धप्प,
आणि थांबलो, पट्ट्याची वाट बघत.
तिकडं तिचा श्वास ऐकू येत होता.

ती माझ्या आधीच आली.
किंवा मला उशीर झाला.